गावाकडची मॅच, शहरातलं बिल

नोकरी पुण्या-मुंबईत, पण जीव गावाकडच्या खेळाडूत! अशा वेळी स्पोर्ट्स ॲपचं सबस्क्रिप्शन घ्यायचं, की नुसता स्कोअर बघून गप्प बसायचं? धाराशिवच्या चष्म्यातून मांडलेला हा हिशेब...

पगार एक तारखेला होतो आणि पाच तारखेपर्यंत मोबाइलवर मेसेज यायला लागतात. अमुक ॲपचे एवढे कापले, तमुक ॲपचं रिन्यूअल झालं. सिनेमाचं एक, गाण्यांचं एक, मॅचचं एक. यातलं गेल्या महिन्यात नक्की काय काय पाहिलं, असं कुणी विचारलं तर आपली दांडी गुल!

सिनेमाचं आणि गाण्यांचं सोडा. ते नाही पाहिलं, नाही ऐकलं तरी कुणाचं अडत नाही. मॅचचं तसं नसतं. मॅच त्याच वेळी, त्याच दिवशी बघायची असते. दुसऱ्या दिवशी ती शिळी. त्यातून मॅचमध्ये आपल्या गावचं कुणी खेळत असेल तर विषयच संपला. तुळजापूर, कळंब, उमरगा, परंडा अशा गावांतून येऊन पुण्यात रूम शेअर करणाऱ्या आम्हा मंडळींची हीच गोची आहे. आपला माणूस कुठल्या चॅनलवर, कुठल्या ॲपवर आणि किती रुपयांत दिसणार, हेच आधी शोधावं लागतं.

मी मूळची धाराशिवची. म्हणजे शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबाद, २०२३ पासून सरकारी कागदावर धाराशिव. कामासाठी पुण्यात. त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे.

अमेरिकेत याला नाव आहे

आपल्याला वाटतं ही आपलीच रडकथा. पण अमेरिकेत या प्रेक्षकावर एक अख्खा धंदा उभा आहे. तिथल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० टीम आणि प्रत्येक टीमचे सीझनमध्ये १६२ सामने. म्हणजे सगळे मिळून २,४३० सामने! एवढे सामने देशभर सगळीकडे दाखवणं शक्य नाही. म्हणून बहुतेक सामने त्या त्या भागातल्या चॅनलवर. आता बोस्टनचा पोरगा नोकरीसाठी कॅलिफोर्नियात गेला, तर त्याने बोस्टनची टीम बघायची कशी? त्याच्यासाठी आधी केबलवर जादा पैशांचं पॅकेज आलं. मग २००२ मध्ये एक सामना इंटरनेटवर दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी 'एमएलबी डॉट टीव्ही'चं सबस्क्रिप्शन सुरू झालं. पैसे भरा, देशात कुठेही बसून आपल्या गावची टीम बघा. फंडा क्लिअर!

यात एक गंमत होती. परगावचे सामने पैसे भरून दिसायचे, पण तुम्ही राहता त्या भागातल्या टीमचे सामने तिथे बंद. कारण त्यांचे हक्क स्थानिक चॅनलकडे. आयोवा नावाच्या राज्यात स्वतःची एकही मोठी टीम नाही, पण आजूबाजूच्या तब्बल सहा टीमनी ते राज्य आपल्या 'हद्दीत' धरलेलं. त्यामुळे अनेक वर्षं तिथल्या माणसाने पैसे भरले तरी सहा टीमचे सामने स्क्रीनवर काळे. टीम घरची नाही आणि बघायलाही बंदी!

अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांना हा अनुभव वेगळ्या रूपात माहीत आहे. तिकडे क्रिकेट बघायचं तर 'विलो' हे पैसे भरून घ्यायचं चॅनल. न्यू जर्सीतला मराठी माणूस आयपीएलची संध्याकाळची मॅच सकाळी दहाला, ऑफिसमध्ये, हेडफोन लावून बघतो आणि त्यासाठी डॉलर मोजतो. गाव जितकं लांब, बिल तितकं मोठं.

तुळजापूरचा पोरगा, चेन्नईची जर्सी

आता आपल्याकडे या. धाराशिव जिल्ह्याची आयपीएलमध्ये टीम नाही, ती असणं शक्यही नाही. २०२३ मध्ये सुरू झालेल्या महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्येही आमच्या वाट्याला शेजारचं सोलापूर. पण टीम नसली तरी माणूस असतो ना!

२०२२ च्या जानेवारीत वेस्ट इंडीजमध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप झाला. त्यात तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर खेळत होता. आयर्लंडविरुद्ध त्याने शेवटी येऊन १७ चेंडूंत नाबाद ३९ ठोकल्या, त्यात पाच षटकार. पोरांच्या वर्ल्ड कपकडे एरवी कोण बघतं? पण त्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरत होता, 'कुठं दिसायलंय?' ज्याच्याकडे हॉटस्टारचं सबस्क्रिप्शन, तो त्या रात्रीचा राजा. भारताने ५ फेब्रुवारीला इंग्लंडला हरवून कप जिंकला आणि लगेच आठवड्याभरात आयपीएलच्या लिलावात चेन्नईने राजवर्धनला दीड कोटीला घेतलं.

हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या एका मित्राने, तो कळंबचा, त्या आनंदात वर्षाचं सबस्क्रिप्शन घेऊन टाकलं. चेन्नईची एकही मॅच सोडायची नाही, असा पण केला. आणि झालं काय? त्या अख्ख्या सीझनमध्ये राजवर्धनला एकही सामना खेळायला मिळाला नाही!

पुढच्या वर्षी, ३१ मार्च २०२३ ला, सीझनच्या पहिल्याच सामन्यात तो अहमदाबादला मैदानात उतरला आणि ३६ धावांत ३ विकेट काढल्या. चेन्नई हरली, पण तुळजापुरात त्याचं कुणाला काही वाटलं नसावं. त्या वर्षी आयपीएल मोबाइलवर जिओ सिनेमाने चक्क फुकट ठेवली होती. म्हणजे पैसे भरले त्या वर्षी पोरगा बाकावर आणि फुकट होतं त्या वर्षी मैदानात. माझा मित्र आजही म्हणतो, 'आपलं नशीबच असलं हाय!'

विनोद बाजूला ठेवला तर यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. टीमसाठी पैसे भरले तर सामने नक्की मिळतात. एका खेळाडूसाठी भरले तर तो खेळेलच याची गॅरंटी कुणी देत नाही. त्याला दुखापत होते, तो वगळला जातो, दुसऱ्या टीमकडे जातो. म्हणून गावच्या पोरासाठी सबस्क्रिप्शन घ्यायचं असेल तर वर्षाचं घेऊ नका. तो टीममध्ये आलाय, खेळतोय हे कळल्यावर थोड्या दिवसांचं घ्या.

फुकट म्हणजे नक्की कुणाच्या खिशातून?

फुकट हा शब्द आपल्याला फार आवडतो. पण २०२३ ते २०२७ या पाच सीझनच्या आयपीएल हक्कांचे एकूण ४८,३९० कोटी रुपये बीसीसीआयला मिळायचे ठरले. त्यातले भारतातल्या मोबाइल-इंटरनेटचे २३,७५८ कोटी. एवढी रक्कम मोजणारा माणूस आपल्याला कायम फुकट बघू देईल, ही आशाच भाबडी. दोन सीझन जाहिरातींवर काढले. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टार आणि जिओचा संसार एक झाला आणि १४ फेब्रुवारी २०२५ ला, व्हॅलेंटाइन्स डेला, जिओहॉटस्टार आलं. तेव्हा मोबाइलवरचा सर्वांत स्वस्त प्लॅन तीन महिन्यांना १४९ रुपये होता. दोन स्क्रीनचा प्लॅन तीन महिन्यांना २९९ आणि वर्षाला ८९९. हे दर बदलत राहतात, तेव्हा घेताना त्या दिवशीचा आकडा बघाच.

टीव्हीवरही तेच. २०१९ मध्ये ट्रायचे नवे नियम आले आणि आपल्याला हवं ते चॅनल निवडायची मुभा मिळाली. पण १०० चॅनलच्या नुसत्या जोडणीचे १३० रुपये, वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे आधीच गेले. स्पोर्ट्स चॅनलचे पैसे त्यानंतर. त्या वर्षी केबलवाल्याशी भांडला नाही असा माणूस धाराशिवात सापडणं कठीण होतं.

आणि मग आहे आमच्या आण्णांचा रामबाण उपाय, डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली दूरदर्शनची ही सेवा. एकदा छत्री आणि डबा घ्या, महिन्याचं बिल शून्य. २००७ च्या कायद्यामुळे राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवलेले सामने खासगी चॅनलला दूरदर्शनला द्यावेच लागतात. म्हणून भारताचे वन-डे सामने गावाकडे फुकट दिसतात. पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की हे असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या अँटेनावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. खासगी केबलवरच्या डीडीला ते मिळणार नाही. म्हणून कधी कधी गंमत होते. धाराशिवात आण्णा फ्री डिशवर मॅच बघतात आणि पुण्यात मी महिन्याचं बिल भरून स्कोअर विचारायला त्यांनाच फोन करते! वर त्यांचा टोमणा ठरलेला, 'कशाला पैशे घालवायलीस? ये की सुट्टीला, बसू बघत.'

पैसे भरायची तयारी आहे, पण मॅच कुठे आहे?

इथपर्यंत सगळा क्रिकेटचा हिशेब झाला. पण धाराशिवची खरी ओळख क्रिकेट नाही. ती आहे खो-खो.

शाळेत मीही दोन वर्षं खेळले. खांब गाठेपर्यंत दम लागायचा, त्यामुळे कारकीर्द तिथेच आटोपली. पण आमच्याच मैदानांवर पळणाऱ्या काही मुली पुढे देशाकडून पळाल्या. सारिका काळे हे त्यातलं पहिलं मोठं नाव. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय मुलींच्या संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा पुरस्कार तब्बल २२ वर्षांनी आला होता! घरची परिस्थिती अशी, की कधी कधी दिवसातून एकदाच जेवण मिळायचं, हे तिने स्वतः मुलाखतीत सांगितलंय. पुढे ती राज्य सरकारच्या सेवेत क्रीडा अधिकारी झाली, नेमणूक तुळजापूरला.

मग जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला. १९ तारखेच्या फायनलमध्ये भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे आणि संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये त्या रात्री आम्ही तिघी मोबाइलला चिकटून बसलो होतो. रूममेट कोकणातली, तिला धाराशिव नकाशावर दाखवावं लागतं. पण शेवटच्या दहा मिनिटांत तीच सगळ्यात जास्त ओरडत होती. तेव्हा जाणवलं, की हा खेळ नीट दाखवला तर बघणाऱ्याला गावाचा पत्ता माहीत असायची गरज नाही.

प्रश्न पुढचा आहे. तो आठवडा संपला. आता अश्विनीला पुन्हा बघायचं तर कुठे?

मुलांसाठी निदान एक दार उघडलं. १४ ऑगस्ट २०२२ ला पुण्यातच, बालेवाडीला, अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली. सहा टीम, सात मिनिटांचे डाव, दोन्ही दिशांना पळू शकणारा 'वजीर', झगमगाट, सोनीच्या चॅनलवर थेट प्रक्षेपण. पहिल्या फायनलमध्ये ओडिशाने तेलुगू योद्धाजला ४६-४५ असं एका गुणाने हरवलं. काय मॅच होती ती! दुसरा सीझन डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ मध्ये कटकला झाला, तो गुजरातने जिंकला. पण हे दोन्ही सीझन मुलांचे. मुलींची लीग नाही. म्हणजे ज्या जिल्ह्याने देशाला मुलींच्या संघाची कर्णधार दिली, त्या जिल्ह्यातल्या मुलीला टीव्हीवरच्या लीगमध्ये जागाच नव्हती.

हे बघितलं की ॲपच्या १४९ रुपयांचा प्रश्न एकदम वेगळा दिसायला लागतो. आपण सगळे 'पैसे भरू की नको' यावर वाद घालतोय. इथे पैसे हातात घेऊन उभं राहिलं तरी विकायला काही नाही. वर्षभर मुलींचा खो-खो दाखवणारं पॅकेज कुणी काढलं तर आमच्या ग्रुपमधले किती जण घेतील, असं मी विचारलं. पाच मिनिटांत नऊ हात वर. सर्व्हे वगैरे नाही हो हा, पण नऊ जण स्वतःच्या पगारातून पैसे द्यायला तयार आहेत, हेही काही कमी नाही.

बघणंही मोजलं जातं

मग आपण करायचं काय? इथे एक साधी गोष्ट लक्षात घ्या. लीग चालते जाहिरातदारांच्या जिवावर आणि जाहिरातदार विचारतो, किती जणांनी पाहिलं? ॲपवर आपण किती मिनिटं काय पाहिलं याची नोंद होते. टीव्हीचे आकडे निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून निघतात. म्हणजे मॅच पैसे भरून बघा नाहीतर दूरदर्शनवर फुकट बघा, बघणाऱ्यांचा आकडा अधिकृत जागीच तयार होतो.

तो कुठे तयार होत नाही? मित्राने पाठवलेल्या चोरट्या लिंकवर. तिथे हजार जण मॅच बघत असतील, पण खो-खोच्या हिशेबात ते हजार जण जन्मालाच आलेले नसतात. क्रिकेटला याने खरचटतही नाही. पण ज्या खेळाला प्रेक्षक आहेत की नाहीत हेच अजून सिद्ध करायचंय, त्याला एकेक माणूस महाग पडतो. कबड्डीचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा 'हे कोण बघणार' म्हणणारे कमी नव्हते. लोकांनी बघितली. म्हणून ती टिकली आणि मार्च २०२४ मध्ये पुणेरी पलटण चॅम्पियन झाली तेव्हा पुण्यात पोरं नाचली.

घ्यायचं की नाही? भागाकार करा!

माझा फंडा अगदी शाळेतला आहे. प्लॅनची किंमत भागिले तुम्ही खरोखर बघणार असलेल्या मॅचेस. 'बघेन' नव्हे, 'बघणार'!

• वर्षाचे ८९९ रुपये आणि बघून झाल्या १५ मॅचेस, तर मॅचला साधारण ६० रुपये पडले. तीन महिन्यांचे १४९ आणि बघितल्या १०, तर १५ रुपये. वडापावच्याही खाली! वर्षाचा प्लॅन 'स्वस्त' वाटतो तो फक्त वर्षभर बघणाऱ्याला.

• एकच दौरा किंवा एकच सामना बघायचा असेल तर आधी सुटा पास मिळतो का बघा. फॅनकोडसारख्या ॲपनी असे पास विकलेले आहेत.

• पैसे भरण्याआधी दूरदर्शनवर मॅच आहे का, ते तपासा. गावी फोन केला तरी चालेल. आई-बाबांना आधी माहीत असतं!

• ऑटो-रिन्यूअल त्याच दिवशी बंद करा. फायनलनंतर आठवण राहत नाही.

• रूमवर तिघं-चौघं असाल तर प्रत्येकाने वेगळं घेऊ नका. मोठ्या स्क्रीनवर एकत्र बघा. पैसे वाचतात आणि मॅचही रंगते.

• आपल्या खेळाडूचा सामना बघाल तर अधिकृत जागीच. चोरटी लिंक नको म्हणजे नको.

माझा निकाल

मी वर्षाचं पॅकेज घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. स्पर्धा जाहीर झाली, आपल्या जिल्ह्याचं नाव संघात दिसलं, की तेवढ्यापुरतं घ्यायचं. संपली की बंद. वर्षाकाठी यातून जे चार-पाचशे रुपये वाचतात त्यात पुणे-धाराशिव एसटीचं एका बाजूचं भाडं तरी निघतं. आणि हे उगाच म्हणत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय खो-खो स्पर्धा आमच्याच गावात, तुळजाभवानी स्टेडियमवर झाली होती. देशभरातले संघ आले होते. पुण्यातल्या आम्ही कितीजणी गेलो? दोघी!

बाकीच्यांना सुट्टी मिळाली नाही. कामाचं टेन्शन, डेडलाइन, सगळं मान्य. पण धुरळ्यात बसून, खांबावर झेपावणारी पोरगी दहा फुटांवरून बघण्याची मजा कुठल्याही प्रीमियम प्लॅनमध्ये नाही. तेव्हा पुढच्या वेळी 'पैसे भरू का?' असा प्रश्न पडला तर आधी कॅलेंडर उघडा. स्पर्धा गावाजवळ असेल तर थेट एसटी पकडा. लांब असेल तर तेवढ्या दिवसांचे पैसे बिनधास्त भरा आणि मुलींचा सामना असेल तर चार मैत्रिणींनाही बघायला बसवा. त्यांनी आज बघितलं तरच उद्या कुणीतरी त्यांची लीग काढेल. त्या दिवशी मात्र मी भागाकार करणार नाही. अख्ख्या वर्षाचं घेऊन टाकीन!